पंचनाम्याबाहेरची माणसे

महापूर जात पाहत नाही, असे दर पुरानंतर सांगितले जाते. मला हे विधान अर्धेच खरे वाटते. पाणी जात पाहत नसेल. पण ते कोणाच्या घरात आधी शिरणार, हे गाव वसवणाऱ्यांनी अनेक पिढ्यांपूर्वीच ठरवून ठेवलेले असते. उंचवट्याची जागा गावाला आणि ओढ्याकाठची सखल जागा वस्तीला, ही वाटणी कितीतरी गावांत आजही डोळ्यांना दिसते. परंतु मला येथे त्या पाण्याविषयी लिहायचे नाही. पाणी ओसरल्यावर जे वाटप सुरू होते, त्याविषयी लिहायचे आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांनी सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांतील गावेच्या गावे वेढली, तेव्हा महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून धान्य, कपडे आणि चादरी भरून ट्रक आले. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढले, तेव्हाही लोक धावले. ही माणुसकी खोटी नव्हती. पण ट्रकातली मदत आठ-पंधरा दिवस पुरते. मोडलेला संसार पुन्हा उभा करायचा तर शासनाची मदत लागते आणि तिचा रस्ता पंचनाम्यातून जातो. म्हणून पंचनामा नेमके काय मोजतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

पंचनामा मालमत्ता मोजतो. पिकाचे नुकसान दाखवायला सातबारा लागतो. घराचे दाखवायला ग्रामपंचायतीतील नोंद. २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने बुडालेल्या पिकांवरील एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ केले आणि ज्यांनी कर्ज काढले नव्हते त्यांना नेहमीच्या तिप्पट भरपाई जाहीर केली. शेतकऱ्याला ते मिळायलाच हवे होते. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्याच शेतात भांगलण करणाऱ्या बाईचे काय बुडाले? पुढच्या कित्येक आठवड्यांची मजुरी बुडाली. तिच्या नावावर सातबारा नाही, बँकेचे कर्ज नाही. म्हणून कागदावर तिचे नुकसानही नाही!

मजुरांसाठी काहीच तरतूद नव्हती, असे म्हणता येणार नाही. केंद्र शासनाच्या २०१५ ते २०२० या काळाच्या मदत-निकषांत, उपजीविका गंभीरपणे बाधित झालेल्या कुटुंबांसाठी एक बाब होती. प्रौढ माणसामागे दिवसाला ६० रुपये आणि मुलामागे ४५ रुपये. तेही ठरावीक दिवसांपुरते आणि कुटुंब मदत छावणीत राहत नसेल तरच. श्रमाची किंमत शासनदरबारी काय आहे, हे सांगायला एवढा आकडा पुरेसा आहे.

घरांचा हिशेब तर याहून बोलका आहे. त्याच निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला, मग ते पक्के असो वा कच्चे, ९५,१०० रुपये होते. झोपडीला ४,१०० रुपये. आता मातीच्या भिंती आणि वर पत्रा किंवा गवत, याला कच्चे घर म्हणायचे की झोपडी? हे लेखणी हातात असलेला माणूस ठरवणार. त्याच्या एका शब्दाची किंमत ९१,००० रुपये! शिवाय घर अधिकृत असले पाहिजे, ही अट होतीच. गायरानावर ज्या कुटुंबाच्या दोन पिढ्या गेल्या, त्याचे घर शासनाच्या भाषेत 'अतिक्रमण' ठरते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो पडीक जमिनी कसणाऱ्या हातांना मिळाव्यात म्हणून. त्या लढ्याचे जे मागणे पुरे झाले नाही, त्याची किंमत भूमिहीन माणूस पुरानंतर पुन्हा एकदा मोजतो.

हा अनुभव केवळ कृष्णाकाठचा नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नुकसान मोजले गेले ते प्रामुख्याने होड्या आणि जाळ्यांवरून. स्वतःची होडी नसलेले, दुसऱ्याच्या कामावर जगणारे दलित मजूर अनेक ठिकाणी यादीबाहेर राहिले. येथे सातबारा, तेथे होडी. माप निराळे, बाहेर राहणारा माणूस तोच.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ सांगते की, भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव होता कामा नये. कलम चांगले आहे. पण भेदभाव म्हणजे रांगेतून हाकलणे, एवढाच अर्थ आपण घेतला तर फसू. या देशात मालमत्ता जातीप्रमाणे वाटली गेली आहे. अशा ठिकाणी मदतीचे माप मालमत्ता हेच ठेवले, तर जातीचे नाव न उच्चारताही जातीप्रमाणेच वाटप होते. आणि वाटणारा अधिकारी मनाने निर्मळ असला, तरीही होते.

तेव्हा काम पावसाळ्यापूर्वी सुरू झाले पाहिजे. वस्तीतील प्रत्येक घराची ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत नोंद आहे की नाही, हे पाहावे. नसल्यास लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. भिंती, छप्पर, जनावरे यांची छायाचित्रे आधीच काढून ठेवावीत. कोण कोणत्या शेतात, वर्षाकाठी किती दिवस मजुरी करते, याची यादी वस्तीनेच करावी. शाळेतील शिक्षक आणि महाविद्यालयातील मुले हे काम चार रविवारांत करू शकतील. पंचनाम्याच्या वेळी हजर राहावे, मजकूर मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय अंगठा वा सही देऊ नये. यादी ग्रामसभेत वाचली जावी, असा आग्रह धरावा आणि हरकत लेखीच द्यावी.

एवढ्याने माप बदलणार नाही, हे मी जाणतो. ते बदलायचे तर बुडालेल्या मजुरीचे दिवस हेही नुकसान आहे आणि त्याची भरपाई किमान वेतनाच्या दराने झाली पाहिजे, ही मागणी चळवळीने घ्यावी लागेल. ती मांडायला पुरावा लागेल, आणि तो पुरावा वस्तीच्या हाताने लिहिलेल्या त्या यादीतूनच उभा राहील.