बारा फोटोंच्या कॅमेऱ्यात चोवीस फोटोंचा रोल

आज इथे थेरगावात तुमच्यापैकी काहीजण घरच्या माळ्यावरचा कॅमेरा घेऊन आलात. कुणाकडे बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री आहे, कुणाकडे याशिका मॅट. मगाशी एकाने विचारलं, "सर, १२० ऐवजी २२० चा रोल घातला तर १२ च्या जागी २४ फोटो निघतील ना?" निघतील, पण प्रत्येक कॅमेऱ्यात नाही. का, ते बघू.

१२० चा रोल कोडॅकने १९०१ मध्ये आणला. त्यात फिल्मच्या पाठीला या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद असतो, त्यावर नंबर छापलेले असतात. २२० आला १९६५ मध्ये. रुंदी तीच, फिल्मची लांबी दुप्पट. मग ती तेवढ्याच जागेत मावली कशी? मधला कागद काढून टाकला! कागद फक्त दोन टोकांना उरला. सगळी गडबड इथूनच सुरू होते.

पहिली गोष्ट, मागची लाल खिडकी. क्लिक थ्रीमध्ये आपण त्यातून नंबर बघतो. २२० मध्ये नंबर नाहीत आणि उजेड अडवायला कागदही नाही. उजेड थेट फिल्मवर. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला मी हेच केलं. नंबर दिसेनात, म्हणून अंदाजाने रोल फिरवत गेलो. धुतल्यावर अख्खा रोल खराब निघाला. आजीचा त्या दिवशीचा एकमेव फोटो त्यातच गेला.

दुसरी गोष्ट, प्रेशर प्लेट, म्हणजे फिल्म सपाट धरणारी मागची पट्टी. कागद गेला की जाडी बदलते. इथे कंपनीत फिलर गेज वापरणारे बरेच आहेत, गॅप बदलला की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. फिल्म नीट सपाट बसली नाही तर फोकस बिघडू शकतो.

तिसरी गोष्ट, काउंटर. फक्त १२० साठी बनवलेल्या कॅमेऱ्याचा काउंटर १२ वर थांबतो. पुढची फिल्म मोजणार कोण?

मग ओळखायचं कसं? रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा. याशिका मॅट १२४ जी मध्ये प्रेशर प्लेटला १२ आणि २४ अशा दोन जागा आहेत. प्लेट २४ वर सरकवा, काउंटरही २४ पर्यंत मोजतो. अशी सोय नसेल आणि लाल खिडकी असेल, तर २२० घालूच नका.

अजून एक. आज हाती लागणारा २२० बहुतेकदा जुना, मुदत संपलेला असतो. धुणाऱ्याला आधी विचारा, एवढी लांब फिल्म त्याच्या टाकीतल्या रिळावर बसते का. आणि घरचा महत्त्वाचा प्रसंग असेल, तर सरळ १२० चे दोन रोल घ्या. बारा दुणे चोवीसच!