जेफरसनचे वॉर्ड आणि तेंदूची फळी

उन्हाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीला महामार्ग सोडून आतल्या गावांकडे वळलात, की ओसरीवर बायका तेंदूची पाने जुळवताना दिसतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी जातात, तिथे मोजून वाळत घातले जातात. जंगल सरकारी, मग ही पाने कुणाची?

या प्रश्नाशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनचा संबंध लावणे ओढूनताणून वाटेल. पण 6 सप्टेंबर 1789 ला पॅरिसहून आपला मित्र मॅडिसन याला लिहिलेल्या पत्रात त्याने मांडले होते, की जमीन हयात माणसांची, आणि तीही मालकीने नव्हे, वापरापुरती. मृत्यूची कोष्टके पुढे घेऊन त्याने एका पिढीची मुदतही काढली: 19 वर्षे. त्यानंतर जुने कायदे आणि कर्जे पुढच्यांवर बंधनकारक नाहीत. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी जेफरसनचा हाच विचार पुढे केला आणि घटनेत दुरुस्तीची वाट का ठेवली ते सांगितले.

जेफरसनचा दुसरा हट्ट वॉर्डांचा. पाच-सहा मैलांच्या चौरसात जेवढी वस्ती, तेवढ्यांनी आपली शाळा, रस्ते, गरिबांची सोय स्वतः पाहावी. अशा रचनेची ताकद त्याला मार खाऊन कळली. राष्ट्राध्यक्ष असताना 1807 मध्ये त्याने परदेशी व्यापार बंद केला, तेव्हा न्यू इंग्लंडच्या गावसभा अशा उठल्या की सरकारचा पाया आपल्या पायाखाली हलल्यासारखे वाटले, अशी कबुली त्याने 1816 मध्ये दिली. ज्यांनी हरवले त्यांचीच रचना त्याला आपल्या व्हर्जिनियात हवी होती. व्हर्जिनियाने ती घेतली नाही.

बाबासाहेबांचा मात्र गावावर भरवसा नव्हता. 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात त्यांनी खेड्याच्या कौतुकाचे वाभाडे काढले. ग्रामपंचायतीचे कलम 40 त्याच महिन्यात दुरुस्तीने आले, तेही त्यांनी स्वीकारले. त्यांची शंका मला जेफरसनच्या वॉर्डांपेक्षा खोल वाटते. गावाची सभा म्हणजे गावातल्या कुणाची? जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. त्याच्या वॉर्डात त्यांना खुर्ची नव्हती.

गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू नाही. देवरी तालुक्यातल्या गोंड-हलबा गावांच्या हाती आहे तो 2006 चा वनहक्क कायदा. सामूहिक हक्क मिळालेल्या गावाला तेंदूपानांसारखी गौण वनउपज गोळा करून विकता येते, जंगल राखण्याचे नियमही ग्रामसभाच ठरवते. जमिनीची विक्री नाही, वारसाने वाटणी नाही. पॅरिसच्या पत्रातला वापरापुरता हक्क तो हाच.

आणि बाबासाहेबांच्या शंकेचे अर्धे उत्तर नियमांत आहे. एरवीच्या ग्रामसभेला शंभर माणसे किंवा पंधरा टक्के, जे कमी असेल ते चालते. वनहक्काच्या सभेला निम्मे प्रौढ हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. उरलेले अर्धे उत्तर ठराव-वहीत सापडते. सभेत कोण बोलले ते तिथे लिहिलेले नसते. पण सह्यांच्या रकान्यात बायांचे अंगठे असतात, आणि ते बहुधा सर्वांत शेवटी, पानाच्या तळाशी, दाटीवाटीने उमटलेले असतात.