त्वचेबरोबर ताणला जाणारा संवेदक

गुडघा वाकताना त्यावरची त्वचा जितकी ताणली जाते, तितका ताण धातूच्या पातळ पट्टीच्या पारंपरिक ताणमापकाला, म्हणजे लांबी बदलताच ज्याचा विद्युतरोध बदलतो अशा संवेदकाला, पेलवत नाही. साधारण ५ टक्क्यांपलीकडे तो निकामी होतो. यावर जपानमधील त्सुकुबा येथील एआयएसटी संस्थेच्या ताकेओ यामादा, केन्जी हाता आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेला उपाय विलक्षण देखणा आहे. एकाच दिशेने मांडलेल्या कार्बन नॅनोनलिकांचा, म्हणजे केसाहून हजारो पटींनी बारीक अशा पोकळ नळ्यांचा, थर त्यांनी लवचिक पट्टीवर बसवला. पट्टी ताणली की थराला भेगा पडतात, मात्र नलिकांचे जुडगे त्या भेगांवर पुलासारखे टिकून राहतात, त्यामुळे विद्युतप्रवाह न तुटता केवळ रोध वाढतो, आणि ताण सुटताच भेगा मिटतात. हा संवेदक २८० टक्क्यांपर्यंतचा ताण मोजू शकला. मोजे, हातमोजे आणि बँडेजपट्टीवर बसवल्यावर त्याने गुडघ्याची व बोटांची हालचाल, श्वास, एवढेच नव्हे तर बोलणेही टिपले. संवेदनशीलतेत, म्हणजे ताणाच्या मानाने रोध किती बदलतो यात, तो धातूच्या मापकाहून मागे होता. तरीही अंगावर वागवायच्या साधनात ताणक्षमतेला दिलेले अग्रस्थान योग्यच म्हटले पाहिजे.