पहिल्या दाराचे मोल

फॅमिली डॉक्टर आता मिळत नाहीत, असे आपण हळहळून म्हणतो आणि दोष देतो बदललेल्या काळाला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात जे घडले ते वाचल्यावर मला वाटू लागले, की दोष काळाचा कमी आणि दरपत्रकाचा जास्त आहे.

तिथला ‘अँकर मेडिकल’ हा स्वतंत्र दवाखाना जून २०२५ अखेर बंद झाला. तीन ठिकाणी शाखा, सुमारे २५ हजार रुग्ण! रुग्णांची वाण नव्हती. खर्च वाढत गेला, विम्याकडून मिळणारा पैसा मात्र त्या मानाने वाढला नाही.

तिकडे डॉक्टरच्या फीचा मोठा भाग विमा भरतो. वृद्धांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याने १९९२ पासून प्रत्येक कामाचे मोल ठरवणारा तक्ता लागू केला. त्यात शस्त्रक्रियेला आणि यंत्रांच्या तपासण्यांना चांगला भाव. समोर बसून ऐकून घेण्याला मात्र तुटपुंजा. गरिबांच्या ‘मेडिकेड’चे दर बहुतेक राज्यांत त्याहूनही कमी. बडे रुग्णालय विमा कंपनीशी घासाघीस करू शकते. चार डॉक्टरांचा दवाखाना पुढे आलेल्या कागदावर मुकाट सही करतो.

पण ऐकून घेण्याचे मोल केवढे असते! माझ्या आईचा मधुमेह आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी ओळखला, तो ‘हल्ली तहान फार लागते’ या तिच्या सहज बोलण्यावरून.

दर वाढवून खरेच फरक पडतो का? पडतो. २०१३ आणि २०१४ ही दोन वर्षे मेडिकेडचे प्राथमिक उपचारांचे दर मेडिकेअरइतके करण्यात आले. संशोधकांनी दहा राज्यांत रुग्ण बनून दवाखान्यांना फोन केले. वाढीपूर्वी सुमारे ५९ टक्के वेळा भेट मिळत होती, नंतर ६६ टक्के वेळा मिळू लागली. पुढे केंद्राचा पैसा थांबला आणि बऱ्याच राज्यांनी दर पुन्हा खाली आणले.

दर वाढले की हप्ताही वाढणार, ही शंका रास्त आहे. ऱ्होड आयलंडने २०१० पासून विमा कंपन्यांना बजावले होते, की हप्त्यावर बोजा न टाकता प्राथमिक उपचारांचा वाटा पाच वर्षे दरसाल एका टक्क्याने वाढवा. पाऊल चांगले होते. पण एकदाच घातलेले पाणी झाडाला जन्मभर पुरत नाही. दवाखाना बंद होणार हे जाहीर झाल्यावर राज्याने ऑक्टोबर २०२५ पासून मेडिकेडचे हे दर मेडिकेअरच्या बरोबरीला नेण्याचे ठरवले.

आपल्याकडे १९८६ मध्ये मेडिक्लेम आला तो रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी. आजही बहुतेक पॉलिसी खाटेचे भाडे देतात, कोपऱ्यावरच्या डॉक्टरची फी देत नाहीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दुखणे लहान असताना जो माणूस ते पाहतो, त्याच्यासाठी विम्याची थैली बंद. तेच दुखणे अतिदक्षता विभागात पोचले की मोकळी.

या दारात बसणाऱ्याला पोटापुरते मिळावे, ही डॉक्टरांवरची मेहेरबानी नव्हे. रात्री पोराला ताप भरल्यावर हाक मारायला कोणी असावे, यासाठी भरायचा हा आपलाच हप्ता आहे.