शंखी गोगलगाय: आधी बांध पाहा
२०२२च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रातोरात फस्त केलं. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. आपल्याकडे बारामती-इंदापुरातही कालव्याचा ओलावा, उसाचं पाचट आणि गवताळ बांध म्हणजे तिला लपायला आयती जागा. सोयाबीन पेरणाऱ्याने म्हणून आधी बांध पाहावा.

मूळची ही आफ्रिकेतली. उन्हाळाभर शंखाचं तोंड बंद करून मातीत पडून राहते, पावसाबरोबर बाहेर येते. नर-मादी दोन्ही अवयव एकाच शरीरात, त्यामुळे प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, तीही एका वेळी शंभराहून जास्त. पहिल्या पावसानंतरची वेचणी म्हणूनच सर्वांत मोलाची; पण शेजाऱ्याने बांध तसाच ठेवला तर ती वाया जाते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी अंथरावीत. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालूनच उचलाव्यात (त्यांच्यात माणसाला अपायकारक कृमी असू शकतात) आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. मीठ थेट शेतात नको, जमीन बिघडते. बांधालगत चुन्याचा पट्टा ओढतात. मुसळधार पावसात तो टिकत नाही. गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या अगदी शेवटी, कारण त्या कुत्र्या-कोंबड्यांच्याही जिवावर उठतात.