दोन भिंगांमधली जागा

मोबाइलवर दोन बोटं फाकवली की फोटोतला कावळा मोठा होतो. पण त्याची पिसं नीट पाहा बरं! कशी पुसट झालेली असतात. कारण टिपून झालेलं चित्रच आपण ताणलेलं असतं.

रोलच्या कॅमेऱ्यात अशी ताणाताणी चालायची नाही. मोठा कावळा हवा, तर तो फिल्मवर मोठाच उमटायला हवा. त्यासाठी फोटोग्राफर जवळच्या दृश्याला एक लेन्स, लांबच्याला दुसरी, असं ओझं घेऊन फिरायचे. लेन्स बदलेपर्यंत कावळा भुर्र!

मग 1959 साली जर्मनीच्या फोक्टलेंडर कंपनीनं ‘झूमार’ नावाची झूम लेन्स आणली, म्हणजे लेन्स न बदलताच दृश्य लहान-मोठं करणारी लेन्स. फ्रँक बॅक यांनी ती आखली होती. 1963 मध्ये जपानच्या निकॉननं 43 ते 86 मिलिमीटरची झूम लेन्स काढली. (हा आकडा जितका मोठा, तितकं चित्र मोठं.) मला हीच जास्त आवडते. तिच्यावर एकच रुंद कडं आहे. ते पुढे-मागे सरकवलं की दृश्य लहान-मोठं होतं आणि तेच फिरवलं की चित्र स्पष्ट होतं. दोन्ही कामं एकाच हाताची! नळीवर रंगीत रेषाही आहेत. किती अंतरापासून किती अंतरापर्यंतचं स्पष्ट येईल, ते त्या सांगतात. हिच्यात मोटर नाही, बॅटरी नाही. आत आहेत फक्त काचेची नऊ भिंगं.

मग काच तीच असताना चित्र मोठं होतं कसं? चला, करूनच पाहू.

10 सेंटिमीटर नाभीय अंतराची, म्हणजे लांबच्या वस्तूचं चित्र 10 सेंटिमीटरवर उमटवणारी, दोन बहिर्गोल भिंगं घ्या. ती एकमेकांना टेकवून लांबच्या खिडकीसमोर धरा. मागे पांढरा कागद धरून तो पुढे-मागे करा. साधारण 5 सेंटिमीटरवर खिडकीचं उलटं, इवलंसं चित्र उमटेल. आता भिंगांमध्ये 5 सेंटिमीटर जागा सोडा. चित्र पुसट झालं ना? कागद मागच्या भिंगाजवळ आणा, साधारण सव्वातीन सेंटिमीटरवर. चित्र पुन्हा स्पष्ट होईल आणि आधीच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशानं मोठं असेल! भिंगं तीच, बदलली फक्त त्यांच्यामधली जागा. झूमची सगळी करामत एवढीच आहे.

पण एक अडचण लक्षात आली का? तुम्ही कागद सरकवलात. कॅमेऱ्यातली फिल्म तर जागची हलत नाही. म्हणून बहुतेक झूम लेन्समध्ये भिंगांचे निदान दोन गट एकदम, पण वेगवेगळ्या चालीनं सरकतात. एक चित्र मोठं करतो, दुसरा ते फिल्मवरच नेमकं पडेल असं सांभाळतो. ही चाल ठरवण्यासाठी नळीच्या आत वळणदार खाचा कोरलेल्या असतात. खाच जराशी चुकली की चित्र धूसर झालंच म्हणून समजा.

निकॉनची ती लेन्स निर्दोष नव्हती. 43 वर सरळ भिंतीच्या कडा बाहेर फुगायच्या, 86 वर आत ओढल्या जायच्या. पुढे 1970 च्या दशकात निकॉननं आतली रचना बदलली आणि नवाची अकरा भिंगं झाली.

घरात कुणाची जुनी झूम लेन्स असेल, तर मोठ्यांना विचारून हातात घ्या. कडं सावकाश सरकवा आणि समोरून डोकावून आतली भिंगं कशी सरकतात ते पाहा. मात्र लेन्स असो की भिंग, त्यातून सूर्याकडे कधीही पाहू नका.