क्लासिक स्पोर्ट्स कारचे हिवाळी जतन

क्लासिक स्पोर्ट्स कारचे हिवाळी जतन म्हणजे जुन्या, संग्राह्य स्पोर्ट्स मोटारींचे थंड प्रदेशांतील हिवाळ्यात मीठ, दमटपणा आणि दीर्घकाळची निश्चलता यांपासून रक्षण करण्याची पद्धती होय. ब्रिटन, जर्मनी आदी देशांत अशा मोटारी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात बंद ठेवल्या जातात. काही मालक मात्र कोरड्या दिवशी त्या बाहेर काढतात, तर थोडे जण वर्षभर चालवतात. मोटार उभी ठेवल्याने गंजाचा मोठा धोका टळतो; परंतु उभे राहण्याचेही दुष्परिणाम असतात. या दोन हानींपैकी कोणती किती पत्करायची, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

१९५० ते १९७० या दशकांतील एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार, लोटस, पोर्शे इत्यादी कंपन्यांच्या स्पोर्ट्स मोटारी त्यांच्या काळी नित्य वापराची वाहने होती. त्यांचे पहिले मालक त्या हिवाळ्यातही चालवीत. त्या काळी पोलादी पत्र्याला आजच्यासारखे गंजरोधक संरक्षण नसे आणि सांगाड्याच्या पोकळ भागांत आतून रंगही नीट पोहोचत नसे. त्यामुळे असंख्य मोटारी गंजून भंगारात गेल्या व उरलेल्यांना संग्राह्य मूल्य आले.

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या मोटारीला स्वतंत्र चौकट नाही. दारांखालील पोकळ पोलादी पट्ट्याच तिचा भार पेलतात. त्या आतून गंजल्या तर बाहेरचा रंग चकचकीत असूनही मोटार दुबळी होते. लोटस एलानचे बाह्यांग काचतंतूचे असले, तरी तिचा कणा पोलादीच आहे. पोर्शे कंपनीने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ या मोटारीच्या सांगाड्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद वापरण्यास सुरुवात केली. त्यानंतरच्या मोटारी तुलनेने टिकाऊ ठरल्या.

मीठ आणि गंज

रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून थंड देशांत खनिज मीठ पसरले जाते. इंग्लंडमधील चेशायर परगण्यात विन्सफर्ड येथे अशा मिठाची मोठी खाण आहे. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. मिठाचे संपृक्त द्रावण सुमारे उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवरूप राहू शकते. जो गुण रस्त्यावर उपकारक, तोच मोटारीला अपायकारक ठरतो. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने ही विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने घडते. शिवाय मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते, म्हणून पत्रा वाळल्यासारखा दिसला तरी सांधे व कोपरे ओलसर राहतात.

तापमान वाढले की ही क्रिया जोर धरते. म्हणूनच खाऱ्या चिखलाने माखलेली मोटार न धुता उबदार गॅरेजमध्ये ठेवणे हे ती थंड जागेत ठेवण्याहून अधिक घातक ठरू शकते. साठवणीपूर्वी चाकांवरील कमानी व तळभाग गोड्या पाण्याने धुऊन मोटार पूर्ण कोरडी केली जाते. त्यासाठी ती थोडे अंतर चालवण्याचीही प्रथा आहे. पोकळ भागांत मेणयुक्त द्रव फवारतात. पाणी निचरा होण्याची छिद्रे मात्र मोकळी ठेवावी लागतात.

साठवणीची जागा

जागा उबदार असण्यापेक्षा कोरडी व हवेशीर असणे महत्त्वाचे असते. कडाक्याच्या थंडीनंतर एकाएकी दमट, उबदार वारे सुटले की थंडगार धातूवर दव जमते. हे टाळण्यासाठी काही जण आर्द्रताशोषक यंत्र वापरून सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखतात. हवा अतिकोरडी केल्यास चामडी आसने व लाकडी भाग तडकण्याची भीती असते. आच्छादन श्वसनशील कापडाचे असावे लागते. प्लॅस्टिकखाली ओलावा कोंडला जातो. उंदीर वायरी कुरतडतात व आसनांत घरटी करतात, म्हणून हवा घेणारी नळी आणि धुराडे यांची तोंडे जाळीने बंद करतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी ती उघडण्याची आठवण राहावी, यासाठी चालकचक्राला चिठ्ठी बांधली जाते.

साठवणीपूर्वीची तयारी

इंधन : ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वसाधारण प्रतीचे ठरले. इथेनॉल ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण वाढले की ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. म्हणून कमी इथेनॉलचे पेट्रोल व स्थिरक द्रव्य वापरतात. पोलादी टाकी भरलेली ठेवल्यास आत दव जमायला वाव कमी राहतो.

तेल व शीतक द्रव : वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले व ओलावा असतो, म्हणून तेल वसंतात नव्हे तर साठवणीपूर्वीच बदलतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व इंजिनाचा ठोकळा तडकू शकतो. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे समप्रमाणातील मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत संरक्षण देते. हवेने थंड होणाऱ्या जुन्या पोर्शे ९११ ला ही काळजी लागत नाही.

बॅटरी : पूर्ण चार्ज झालेली शिसे-आम्ल बॅटरी तीव्र थंडीतही गोठत नाही, उतरलेली बॅटरी मात्र शून्याच्या थोड्याच खाली गोठून फुटू शकते. त्यामुळे ती काढून ठेवतात किंवा स्वयंनियंत्रित चार्जरला जोडतात. अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. एमजीबीमध्ये ही रचना १९६७ पर्यंत होती. अशा मोटारींत जोडणी उलट होऊ नये, याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

टायर, ब्रेक व क्लच : एकाच जागी भार राहिल्याने टायर चपटे होतात, त्यांत थोडी अधिक हवा भरतात किंवा मोटार अधूनमधून पुढेमागे सरकवतात. हँडब्रेक ओढून ठेवल्यास अस्तर ड्रमला चिकटू शकते, म्हणून तो सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावतात. ब्रेकचा द्रव पाणी शोषत असल्याने तो ठरावीक काळाने बदलतात. क्लचची तबकडी चिकटू नये म्हणून काही जण लाकडी दांडीने त्याचे पायदान दाबून ठेवतात.

मधूनमधून इंजिन सुरू करण्याविषयी

आठवड्यातून पाच-दहा मिनिटे इंजिन सुरू केल्याने मोटार सुस्थितीत राहते, हा व्यापक समज आहे. वस्तुतः एक लिटर पेट्रोल जळताना अंदाजे तेवढेच पाणी तयार होते. इंजिन व धुराडे पुरेसे तापले नाही, तर हे पाणी बाहेर न पडता धुराड्यात साचते व काही अंशी तेलात मिसळते. म्हणून मोटार एक तर पूर्ण तापेपर्यंत, म्हणजे अर्धा तास तरी, कोरड्या रस्त्यावर चालवावी किंवा अजिबात सुरू करू नये, असे जाणकार मानतात. बंदिस्त गॅरेजमध्ये इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून जीविताला धोका उद्भवतो.

हिवाळ्यात मोटार चालवणे

स्पोर्ट्स मोटारी हिवाळ्यासाठी नसतातच, असे म्हणता येत नाही. १९११ पासून भरणाऱ्या मॉन्टे कार्लो रॅलीत आल्प्सच्या बर्फाळ घाटांतून शर्यत होते. १९६८ मध्ये व्हिक एल्फर्ड यांनी ती पोर्शे ९११ मधून जिंकली. हिवाळ्यात मोटार चालवणाऱ्यांच्या मते वापर थांबला की रबरी बंद आवळतात, ब्रेक अडकतात व वंगण ओसरते. मात्र सुमारे ७ अंशांखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड घटते, म्हणून हिवाळी टायर वापरावे लागतात. मीठ पसरल्यानंतर भरपूर पाऊस पडून रस्ता धुतला गेला व वाळला, की मोटार बाहेर काढण्याचा मधला मार्गही अनेक जण पत्करतात.

या वादामागे जतनाचा व्यापक प्रश्न आहे. गंजलेला पत्रा कापून नवा बसवता येतो; परंतु दर दुरुस्तीगणिक मूळ मोटारीचा काही अंश कायमचा नाहीसा होतो. दुसरीकडे, कधीच न चालणारी मोटार केवळ शोभेची वस्तू होऊन राहते.

कायदेशीर तरतुदी

ब्रिटनमध्ये वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणायचे नसल्यास तशी वैधानिक सूचना देता येते व त्या काळात विमा बंधनकारक नसतो. जर्मनीत हंगामी नोंदणी मिळते. वाहनाच्या क्रमांकपट्टीवर आरंभीच्या व अखेरच्या महिन्यांचे अंक छापलेले असतात व कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांपुरता भरावा लागतो.

भारतातील परिस्थिती

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर हा क्रम उलटा आहे. येथील हिवाळा कोरडा व सौम्य असल्याने जुन्या मोटारींना तोच अनुकूल असतो. खरा धोका जून ते सप्टेंबरचा पावसाळा आणि समुद्राकडून येणारी खारी हवा यांचा असतो. साहजिकच कोरडी जागा, श्वसनशील आच्छादन, बॅटरीची देखभाल हे नियम येथे पावसाळ्याला लागू पडतात. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आल्याने इंधनाविषयीची दक्षताही वाढली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांना ‘व्हीए’ अक्षरे असलेली स्वतंत्र नोंदणी मिळते; अशी वाहने प्रदर्शन, मेळावे, देखभाल आदी कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात.